काळ्या तळ्याची बातमी

आमचे दाजी सानित म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. फोटोचं दुकान हा त्यांचा धंदा आणि बातमी हे त्यांचं वेड. धंद्यावर घर चाललं आणि वेडापायी माझ्या ताईचं, लामोमचं, डोकं फिरायची वेळ आली. जेवायला बसलेला माणूस कुठे भोंगा वाजला की हात न धुता पळतो म्हणजे काय? आमच्याकडचा भात चिकट, त्याचा हातानं गोळा करून खायचा. त्याच बोटांनी हे कॅमेरा धरणार. कॅमेऱ्याच्या बटणावर कायम एखादं शीत वाळून बसलेलं असायचं.

नोंग कुंगच्या बसथांब्यावर माझी गाडी आहे. कच्ची पपई कुटते, मासे भाजते. दुपारची बस आली की कंडक्टर बँकॉकच्या पेपरची गुंडाळी माझ्याकडे भिरकावायचा, कधी पपईच्या परातीत, कधी थेट माझ्या डोक्यावर. मोबाईल तेव्हा आमच्याकडे आले नव्हते. गावात पेपर यायचा तो हा एकच, आणि तोही दाजी त्या पेपराचे बातमीदार म्हणून फुकट. गावातली शिकलेली पोरं बँकॉकला टॅक्सी चालवायला नाहीतर मजुरीला गेलेली, मागे राहिलेली म्हातारी माणसं अक्षरओळख नसलेली. मग माझ्या गाडीशेजारच्या बांबूच्या माच्यावर सगळे जमायचे आणि दाजी उभे राहून पेपर वाचायचे.

एरवी दाजी बोलतात ते तोंडातल्या तोंडात. ताई म्हणते, लग्नाला होकार दिला की शिंकले तेच मला कळलं नव्हतं. पण पेपर हातात आला की माणूस बदलायचा. मान ताठ, आवाज घंटेसारखा, आणि भाषा बँकॉकची. घरात, शेतात आम्ही आमची बोली बोलतो, पेपर असतो बँकॉकच्या भाषेत. ती भाषा आमच्या म्हाताऱ्यांना कळते सगळी, बोलता येत नाही. आमच्या लेखी ती सरकारची, शाळेची, राजवाड्याची भाषा. त्या भाषेत कुणी काही म्हटलं की आमची माणसं आपोआप पाय जवळ घेऊन बसतात.

सगळ्यात पुढे बसायची आमची आई. एका डोळ्याची ज्योत कधीच गेलेली, दुसऱ्यात थोडी होती. तेवढ्या ज्योतीत ती जावयाकडे बघत बसायची. "माझा जावई पेपरात आहे," असं ती भाजीवालीलासुद्धा सांगायची. "पेपरात लिहितो" असं नाही, "पेपरात आहे." आणि गावात कुणी काही सांगायला लागलं की हिचा एकच प्रश्न ठरलेला: "पेपरात आलंय का?" नाही म्हटलं की विषय संपला. शेजारणीची सून पळून गेली तेव्हाही हिनं हेच विचारलं. शेजारीण बिचारी रडत होती.

आता बँकॉकच्या साहेबांना काय हवं असायचं ते सांगते. दाजी फोटोंचा रोल संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचे आणि बातमी फोनवर सांगायचे. दुकानातला फोन भिंतीला टांगलेला, मी पपई पोचवायला गेले की कानावर पडायचं. बस उलटली, छापा. नवऱ्यानं बायकोला कोयत्यानं मारलं, छापा, फोटो जवळून घ्या. दोन डोक्यांचं रेडकू, फार छान. केळीच्या बुंध्यातून निघालेलं फूल आणि त्यावर कुणाला तरी दिसलेला लॉटरीचा आकडा, वा, पहिल्या पानावर! आमच्या देशात महिन्यातून दोनदा सोडत असते आणि त्या दोन दिवसांसाठी माणसं काय वाटेल त्यात आकडा शोधतात. झाडाच्या सालीवर पीठ चोळतात, अपघातातल्या गाडीची नंबरपाटी टिपून घेतात. दाजींनी जन्मात तिकीट घेतलं नाही. "सायथोंग, मी बातमी विकतो, आशा नाही विकत," असं मला एकदा ऐटीत म्हणाले. मी म्हटलं, "दाजी, बातमीपेक्षा आशा चांगल्या भावात जाते, ताईला विचारा."

ते तळ्याचं प्रकरण याच्या नंतरचं.

गावाच्या वरच्या अंगाला साबुकंदाच्या स्टार्चची फॅक्टरी आली. आम्ही सगळे साबुकंद लावतो, फॅक्टरी घेते, त्यामुळे तिच्या विरोधात बोलायचं म्हणजे आपल्याच ताटावर माती टाकायची. पण तिचं पाणी मोठ्या नळातून सरळ आमच्या तळ्यात यायचं. आधी पांढरा फेस, मग काळं. वास असा की माझ्या आंबवलेल्या मासळीच्या बरणीला आम्ही अत्तर म्हणायला लागलो. म्हशींनी तळ्यात उतरायचं सोडलं. म्हशींना अक्कल असते. पोरं मात्र उतरायची आणि पायांवर फोड घेऊन यायची. पिण्याला आम्ही पावसाचं पाणी रांजणात साठवतो, म्हणून जीव वाचले. पण अंघोळ, भाजी धुणं, मासे, सगळं त्या तळ्यावरच.

दाजींनी बातमी पाठवली. नाही आली. पुन्हा पाठवली, फोडांचे फोटो लावून. तिसऱ्यांदा पाठवली तेव्हा मी दुकानात होते. पलीकडचा साहेब एवढ्या जोरात बोलायचा की फोनला कान लावायची गरज नसे.

"मेलं कोण?"

"मासे मेलेत, साहेब."

"माणूस?"

"माणूस अजून नाही."

"मग? अहो, वास छापता येत नाही पेपरात!"

दाजी म्हणाले, "साहेब, फोटोत पाणी काळं दिसतंय."

"फोटो सगळे काळेच येतात. ते रेडकू कसं आहे हो, जगलं का?"

दाजींनी फोन ठेवला. मी म्हटलं, "जाऊ दे, दाजी. पपई खा." ते म्हणाले, "फोड आलेलं पोर रेडकाएवढंही नाही का गं?" मी मिरची कमी घातली होती, तेवढं सांगितलं.

सरपंच प्रादितकडेही जाऊन आले. प्रादित म्हणजे वाईट माणूस नाही. पण त्याचा ट्रक फॅक्टरीला कंद पोचवतो, आणि ज्याच्या तोंडात घास त्याला शिंकसुद्धा जपून येते. "सानित, तू फोटोवाला. लोकांना हसव आणि फोटो काढ," असं म्हणून त्यानं दाजींना वाटेला लावलं.

मग एका सकाळी तळ्यात मोठा मासा वर आला. माझ्या कोपरापासून पंजापर्यंत लांब, मेलेला, आणि पाठीवर पांढरट डाग. दाजी कॅमेरा घेऊन पोचले तोवर काठावर माणसं वाकून उभी होती. मला वाटलं, चला, शेवटी लोकांना चाड आली! कसली चाड. ते डागांत आकडा बघत होते.

"हा सात, आणि हा शेपटीकडचा चार."

"चार कसला, तो नऊ आहे. चष्मा पूस."

दाजी माझ्या शेजारी येऊन थांबले. हळूच म्हणाले, "बघ, सायथोंग. सगळ्यांना आकडा दिसतोय. पाणी कुणालाच दिसत नाही." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, जे मला तेव्हा चांगलं वाटलं होतं. त्यांनी माणसांना बाजूला केलं, आडवे झोपले आणि असा फोटो घेतला की पुढे मासा, मागे काळं पाणी, आणि त्याच्याही मागे फॅक्टरीच्या नळाचं तोंड. त्या संध्याकाळी फोनवर पहिल्यांदा त्यांनी साहेबाला हवं ते दिलं: नोंग कुंगच्या तळ्याचं पाणी रातोरात काळं झालं, तळ्यात नागराज वस्तीला आला, त्यानं माशाच्या पाठीवर आकडा लिहून पाठवला.

पहिल्या पानावर आली! रंगीत! दाजींनी ती माच्यापुढे उभं राहून वाचली तेव्हा आई रडली. मी दाजींना कोपऱ्यात घेतलं. "हे काय लिहिलंत? नागराज?"

"अगं, लोक येऊ देत तर खरे. बँकॉकचे पेपरवाले येतील, टीव्हीवाले येतील. एकदा तळ्याकाठी उभे राहिले की त्यांना नाक नाही का?"

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते म्हणतात, तसं झालं. पुढच्या सोडतीत चौऱ्याहत्तरच लागला.

मग काय विचारता! बसगाड्या भरून माणसं आली. काठावर उदबत्त्यांचं रान उगवलं, नागराजाला लाल सोड्याच्या बाटल्या ओळीनं मांडल्या. माझी पपई दुपारच्या आत संपायला लागली, खोटं कशाला सांगू, मीही चार पैसे केले. टीव्हीवालेही आले. एक पोरगी माइक घेऊन, नाकाला अत्तराचा रुमाल. दाजी तिच्या मागे मागे, "ताई, तो नळ बघा. त्या नळाचं चित्र घ्या." ती म्हणाली, "काका, तुम्ही चित्रात येताय, जरा सरका." आणि कॅमेऱ्याकडे बघून काय म्हणाली? म्हणे, तळ्यावर पाऊल ठेवताच एक गूढ गंध जाणवतो.

त्याहून वाईट पुढेच होतं. लोक ते पाणी बाटल्यांत भरून न्यायला लागले. गुडघ्याला लावायला, कपाळाला लावायला, आणि प्यायला. नागराजाचं पाणी! ज्या तळ्याकडे म्हैस बघत नव्हती त्या तळ्याचं पाणी माणसं रांग लावून प्यायली. दाजी रांगेतल्या एकेकाला सांगत होते की हे फॅक्टरीचं आहे, पिऊ नका. एका बाईनं त्यांना ऐकवलं, "तुम्हाला आकडा लागला नाही वाटतं?"

पुढच्या सोडतीला माशानं दगा दिला. बाहेरची गर्दी दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या केळीकडे वळली. पण गावातली माणसं कुठे जाणार? त्यांच्या घरात बाटल्या राहिल्या. प्रादितनं काठावर नागराजाचं देऊळ बांधायचं काढलं आणि सिमेंट द्यायला कोण पुढे आलं असेल? फॅक्टरी. मी ऐकलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

आणि आमच्या आईनं त्या पाण्यानं डोळे धुवायला सुरुवात केली.

रोज सकाळी एक वाटी. अर्धी प्यायची, अर्ध्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावायची. गेलेल्या डोळ्याला आणि असलेल्यालाही. आधी डोळा लाल झाला, मग चिकटायला लागला, मग पोट बिघडलं. आरोग्य केंद्रातल्या नर्सनं मलम दिलं आणि ताईला बाहेर नेऊन सांगितलं, "हे पाणी आजच्या आज बंद करा. नाहीतर राहिलेला डोळाही जाईल."

ताईनं बाटली लपवली. आईनं शेजारच्या म्हातारीकडून दुसरी मागून घेतली. मी ती ओतून रांजणातलं पाणी भरून ठेवलं. आईनं एक घोट घेतला आणि माझ्याकडे वाटी भिरकावली. "मला आंधळी समजतेस?" म्हणजे होतीच की जवळजवळ, पण हे तिला कोण सांगणार?

शेवटी दाजी तिच्यापुढे बसले. गुडघे टेकून, हात जोडून. मी आणि ताई दारात.

"आई, तो नागराज मी लिहिला. माशावरचे ते डाग सडल्याचे होते. पाणी फॅक्टरीचं आहे. मी खोटं लिहिलं, आई."

आमच्या बोलीत, तोंडातल्या तोंडात, नेहमीसारखं. आईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तू गुणी आहेस, बाबा. पोरींनी तुला पढवून पाठवलंय, मला कळतं."

"नाही, आई. मीच—"

"तू लिहिलंस, पण छापलं कुणी? बँकॉकच्या माणसांनी ना? ती काय खोटं छापतील? आणि खोटं होतं तर आकडा कसा लागला?"

आईनं वाटी पुढ्यात ओढली.

"पेपरात येऊ दे की पाणी वाईट आहे," आई म्हणाली. "मग मी एक थेंब घेणार नाही. तोवर मला माझे डोळे धुवू द्या."

बाहेर येऊन दाजी पायरीवर बसले. ताई त्यांच्यावर ओरडली नाही, आणि ताई ओरडत नाही म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं असतं. "म्हातारी आंधळी झाली तर मी तुम्हाला काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण तुमच्याकडे बघणारही नाही." मग ती आत गेली.

खुलासा छापा म्हणून दाजींनी आकडा लागल्यापासून साहेबाच्या मागे धोशा लावलाच होता. तेव्हा तो खो खो हसला होता. "अहो, आकडा लागलाय, खुलासा कशाचा?" नर्सकडून आल्यावर पुन्हा फोन केला. "आता शिळं झालं," तो म्हणाला. "कुणाला पडलंय?"

त्यानंतर दाजी दोन दिवस दुकानातून बाहेर आले नाहीत. मग एका दुपारी कॅमेरा घेऊन माझ्या गाडीवर हजर. अंगावर इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले.

"सायथोंग, चल तळ्यावर. माझा एक फोटो काढ."

"आता कसला? लग्न ठरतंय का दुसरं?"

"आरोपीचा."

मी मुसळ खाली ठेवलं. आमच्याकडे पोलिसांनी कुणाला पकडलं की पेपरसाठी त्याचा एक फोटो ठरलेला असतो. आरोपीला जागेवर नेतात आणि बोट दाखवायला लावतात. चोरलेल्या मोटरसायकलकडे, फोडलेल्या कपाटाकडे, जे काही असेल त्याकडे. दाजींनी असे फोटो काढून काढून निम्मं आयुष्य घालवलं होतं. कुणी बोट नीट धरलं नाही तर "जरा वर, जरा वर" म्हणून आरोपीलाच सूचना द्यायचे.

"साहेबाला फोन केला," ते म्हणाले. "म्हटलं, खेड्यातल्या बातमीदारानं खोटा आकडा पिकवून हजारो लोकांना फसवलं. तो म्हणाला, वा! आकडा फसलाच आहे, लोक चिडलेलेच आहेत, पाठव. नाव काय त्याचं? मी माझंच सांगितलं. त्यानं ते पुन्हा विचारून लिहून घेतलं. मग म्हणाला, फोटो पाठव."

"दाजी, वेड लागलंय का तुम्हाला? पेपरचं बातमीदाराचं कार्ड जाईल. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"बातमीत पाण्याचं सगळं सांगितलंय. नळाचं, फोडांचं, नर्स काय म्हणाली ते. माझ्या पाठीवर बसून का होईना, बँकॉकपर्यंत जाईल ते."

मी गाडीवर फडकं टाकलं आणि त्यांच्यासोबत गेले. ते उदबत्त्यांच्या काड्यांमध्ये उभे राहिले, मागे नळाचं तोंड, आणि बोट पाण्याकडे. मी कधी कॅमेरा धरलेला नाही, त्यातून माझ्या डोळ्यांत पाणी. "सरळ धर. बोट आलं पाहिजे," ते म्हणत होते. "माझं तोंड कापलं तरी चालेल, बोट कापू नकोस." मी तीन-चारदा बटण दाबलं. मला त्यांचा इतका राग आला होता आणि त्यांची इतकी कीव येत होती की परत येताना मी त्यांच्या दहा पावलं पुढे चालत राहिले.

बातमी आली तो दिवस. कुणकुण गावात आधीच पसरली होती, त्यामुळे माच्यावर दाटी. प्रादित सरपंचही येऊन बसला, हाताची घडी घालून. ताईनं आईला धरून आणलं. आईच्या असलेल्या डोळ्यावर नर्सनं पट्टी बांधली होती आणि तरीही उपरण्याखाली बाटली होतीच, बसल्यावर मांडीशी ठेवली.

बस आली. पेपर पपईच्या परातीत पडला. मी उचलून दाजींना दिला आणि त्यांच्या पाठीमागेच शेगडीशी उभी राहिले, म्हणून मला त्यांच्या खांद्यावरून सगळं दिसलं. आतलं पान. खालचा कोपरा. फोटो कापून कापून पोस्टाच्या तिकिटाएवढा केलेला, नुसतं तोंड. खांद्यापासून हात निघालेला दिसत होता आणि तिथेच फोटो संपला होता. बोट नाही, पाणी नाही, नळ नाही. खाली चार ओळी: नाव, वय, गाव, नागराजाच्या नावानं खोटा आकडा पसरवल्याची कबुली, या इसमाशी वर्तमानपत्राचा यापुढे संबंध नाही. त्याच्याखाली लगेच केसाच्या तेलाची जाहिरात.

दाजींनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. मान ताठ, भाषा बँकॉकची. स्वतःचं नाव वाचलं, वय वाचलं. कबुली वाचली. आकडा खोटा, नागराज खोटा. माच्यावर कुजबुज उठली, कुणीतरी शिवी हासडली. चार ओळी संपल्या. मला वाटलं, आता हे पेपर मिटतील.

त्यांनी पेपर मिटला नाही. तसेच वाचत राहिले.

"सदर तळ्यातील पाणी," ते वाचत होते, "हे कोणत्याही दैवी कारणाने काळे झालेले नसून, स्टार्चच्या कारखान्याचे सांडपाणी नळावाटे त्यात सोडले जात असल्याचे आढळून आले आहे. या पाण्याने बालकांच्या पायांवर फोड आले आहेत. आरोग्य केंद्राच्या परिचारिकेने असा इशारा दिला आहे की, हे पाणी कोणीही पिऊ नये. तसेच ते डोळ्यांना लावू नये. लावल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते."

नजर पेपरावर. बोट ओळीवरून सरकतंय. आणि बोटाखाली केस विंचरणारी बाई आणि तेलाची बाटली.

एकदाही अडखळले नाहीत. पुन्हा पुन्हा बँकॉकला पाठवलेल्या, न छापलेल्या त्या सगळ्या ओळी त्यांना पाठ होत्या. माच्यावरचे म्हातारे हळूहळू गप्प झाले. मी बघत होते, एकेकाचे पाय आपोआप जवळ घेतले जात होते. प्रादितच्या हाताची घडी सुटली.

वाचन थांबलं. मग आईनं पट्टी बांधलेलं तोंड आवाजाच्या दिशेनं वळवलं.

"ते नाव तुझंच ना रे, सानित?"

"हो, आई."

"एवढं वाईट लिहिलंय तुझ्याबद्दल, आणि खरं आहे?"

दाजींना बँकॉकची भाषा सोडता येईना. "अक्षर न् अक्षर सत्य आहे," ते म्हणाले.

आईचा हात चाचपडत बाटलीपर्यंत गेला. ती तिनं ताईकडे सरकवली. "ओतून टाक गं, लामोम. गटारात ओत, झाडाला नको. पेपरात आलंय." आणि मग तोंडावर उपरणं घेऊन ती रडायला लागली. जावयाच्या अब्रूसाठी रडत होती. "माझा जावई पेपरात होता," असं म्हणत होती.

तिच्या मागच्या म्हातारीनंही आपली बाटली उचलली आणि निघाली. आणखी एक जण उठला. दाजी तसेच उभे होते, पेपर हातात.

तेवढ्यात प्रादित उठला. तो वाचायला शिकलेला आहे. "फॅक्टरीचं नाव घेतलंय पेपरवाल्यांनी?" तो म्हणाला. "पिऊ नका म्हणून छापलंय? आण इकडे, सानित. बघू दे मला."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, चटणीसुद्धा नाही.

मी त्यांच्या हातातून पेपर ओढला, चुरगाळला आणि शेगडीत घातला. भपकन पेटला.

"अगं ए!" प्रादित ओरडला. "वेडी झालीस का? गावात एकच पेपर येतो!"

"माहितीय, दादा," मी म्हटलं आणि वर मासा ठेवला. "निखारे विझायला आले होते."